आजीची सायकल आणि बारवीचं पाणी

नात्यातल्या कुणाचा फोन आला की अजूनही एक प्रश्न हमखास येतो. "काय गं, तू म्हणे परदेशात सायकल चालवलीस?" हो, चालवली. २०१८ च्या मे महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ॲमस्टरडॅम शहरात, भर रहदारीत, पंजाबी ड्रेस घालून. आणि पडले नाही. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. पण त्या फोटोंत जे नाही ते सांगायचं बरीच वर्षं मनात होतं. आज लिहायला बसले आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

लेक-जावई तेव्हा ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलव्हेन गावात राहत होते. लेकीने परस्पर ठरवून टाकलं की आईला शहर दाखवायचं ते सायकलवरून, गाईडबरोबर. तीन तासांची सफर, आठ-दहा माणसं, पुढे गाईड, मागे आपण. मी म्हटलं, "अगं, वेड लागलंय का? मी शेवटची सायकल चालवली तेव्हा तू जन्मली नव्हतीस!"

मी मूळची कराडजवळच्या खेड्यातली. सायकल शिकले ती भाड्याच्या सायकलवर. तासाला दोन आणे म्हणायचो आणि प्रत्यक्षात बारा नवे पैसे द्यायचो. थोरला भाऊ मागून कॅरिअर धरायचा आणि न सांगता सोडून द्यायचा. लग्न होऊन उल्हासनगरला आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. शाळा, लोकल, रिक्षा, संसार. असो.

नातीने चार दिवस घराजवळच्या बागेत माझा सराव करून घेतला. तिथल्या बऱ्याच सायकलींना ब्रेक हाताशी नसतो, पॅडल उलटं मारलं की सायकल थांबते. आपल्याला उतारावर गंमत म्हणून पॅडल उलटं फिरवायची सवय, त्यामुळे पहिल्या दिवशी दोनदा जागच्या जागी थांबून धडपडले. सफरीच्या दिवशी दुकानातल्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एक काळी, दणकट, मधला दांडा नसलेली सायकल काढून दिली. तिला म्हणतात 'ओमाफिट्स'. ओमा म्हणजे आजी. आजीची सायकल! कॉलेजच्या मुलीही तीच चालवतात म्हणे. मला फार बरं वाटलं.

आमची गाईड इतिहास शिकणारी एक तरुण मुलगी होती. तिची शिकवण्याची पद्धत मी शिक्षिकेच्या नजरेने पाहत होते. ती चालत्या सायकलवरून काही सांगत नसे. दहा मिनिटं चालवायचं, मग एखाद्या पुलावर बाजूला थांबायचं, सगळे आले का हे मोजायचं आणि मग समोर जे दिसतंय त्याबद्दलच बोलायचं. पुस्तकातलं एक वाक्य नाही. घराच्या माथ्यावरचा लोखंडी आकडा दाखवून विचारलं, "हा कशाला असेल?" घरं अरुंद, जिने उभे, म्हणून सामान दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं. दलदलीच्या जमिनीत लाकडी खांब ठोकून त्यांवर ही घरं उभी केली. एकट्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत, हा आकडा तिथल्या शाळेतली मुलं पाठ करतात म्हणे.

हे सगळं छानच होतं. पण मला जे लागून राहिलं ते पुढच्या तीन थांब्यांचं.

पहिला थांबा साधा, रस्त्याच्या कडेचा. आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या देशात पहिल्यापासून एवढ्या सायकली होत्या का?" ती म्हणाली, सायकली होत्या, पण मोटारी आल्या तशा रस्त्यावरून हटत चालल्या होत्या. १९७१ या एका वर्षात त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांच्या हत्या थांबवा'. पाठोपाठ १९७३ चं तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवायची वेळ आली, आणि हळूहळू सायकलींचे वेगळे रस्ते झाले. "तुम्ही आत्ता ज्या लाल पट्ट्यावर उभे आहात तो कुणी भेट दिलेला नाही," ती म्हणाली. मी खाली पाहिलं आणि पाय जरा सावरून ठेवला.

दुसरा थांबा तिथल्या नगरपालिकेची इमारत. आत काचेच्या उंच नळ्या आहेत. त्यांत पाणी खालीवर होत असतं. किनाऱ्यावरच्या दोन गावांपाशी समुद्र या क्षणी किती उंच आहे ते त्या दोन नळ्यांत दिसतं. तिसऱ्या नळीतलं पाणी मात्र साडेचार मीटरच्या वर, मान उंच करून बघावं लागतं. ती १९५३ च्या पुराची पातळी. त्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं बुडाली. जन्माचा दाखला घ्यायला, कर भरायला जी माणसं त्या इमारतीत येतात त्यांच्या डोळ्यांसमोर हे पाणी उभं असतं. आपण कुठे राहतो आणि कशाच्या जिवावर राहतो, हे विसरायची सोयच ठेवलेली नाही.

तिसरा थांबा तिथून जवळच, न्यूमार्केट नावाच्या चौकात. इथे आम्ही सायकली लावून भुयारी रेल्वेच्या स्टेशनात उतरलो. १९७० च्या दशकात ही रेल्वे करण्यासाठी वरची जुनी वस्ती पाडली गेली. लोकांनी घरं सोडायला नकार दिला. १९७५ साली पोलिसांशी मोठ्या मारामाऱ्या झाल्या. घरं पडली, रेल्वे झाली, पण वस्तीतून जाणारा नियोजित मोठा मोटाररस्ता मात्र लोकांनी होऊ दिला नाही. आणि आता गंमत बघा. ज्या रेल्वेसाठी घरं पाडली त्याच रेल्वेच्या स्टेशनात त्या भांडणाची आठवण म्हणून चित्रं लावली आहेत. घर पाडायचा लोखंडी गोळासुद्धा आहे. रोज गाडी पकडणाऱ्याने ते बघत बघत जायचं.

मी तिथे उभी होते आणि मला काय आठवलं सांगू? बारवी धरण.

साल १९८४. मी सहावीच्या वर्गाची सहल घेऊन बारवी धरणावर गेले होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या शाळांची ती ठरलेली सहल. जवळ, स्वस्त आणि पोरांना भरपूर पाणी बघायला मिळतं. आम्ही इतिहास-भूगोलाचे शिक्षक काय सांगायचो? हे धरण १९७२ सालचं, बारवी नदी उल्हास नदीची उपनदी, हे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं. लिहून घ्या. आता रांगेत बसा, डबे काढा, कागद इकडे-तिकडे टाकू नका. झाली सहल.

त्या दिवशी एक मुलगा कठड्याशी उभा राहून पाण्याकडे बोट दाखवत म्हणाला, "बाई, आमच्या आज्याचं शेत तिथं खाली आहे."

मी म्हटलं, "बरं बरं, मागे सर. कठड्याला टेकू नकोस."

बस्स, एवढंच. मला त्यात काही चुकलं असं तेव्हा वाटलंही नाही. चाळीस पोरं पाण्याजवळ घेऊन गेलेल्या बाईला दुसरं काही सुचत नाही, हे शिक्षक असलेल्यांना कळेल. पण सगळ्या सहलीत धरणाबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट त्या दिवशी कुणाकडे होती, ती त्या अकरा-बारा वर्षांच्या पोराकडे. आणि मी त्याला मागे सरायला सांगितलं. हे मला कळायला ॲमस्टरडॅमच्या भुयारात उतरावं लागलं. ३४ वर्षांनी.

पुढच्याच वर्षी, २०१९ च्या पावसाळ्यात, बारवी पुन्हा डोळ्यांसमोर आलं. धरणाची उंची वाढवण्याचं काम पूर्ण झालं होतं आणि त्या वर्षी ते नव्या उंचीपर्यंत भरलं. ३३८.८४ दशलक्ष घनमीटर पाणी. त्या वाढीव पाण्याखाली तोंडली, काचकोली, मोहघर अशा मुरबाडकडच्या गावपाड्यांची घरं आणि शेतं गेली. बातम्यांत दोन चित्रं होती. एकात माणसं सामान बाहेर काढताहेत. दुसऱ्यात ठळक अक्षरांत, धरण भरलं, आता पाण्याची चिंता मिटली. दोन्ही खरी. पण आमच्या इमारतीत पेढे वाटायच्या गप्पा झाल्या त्या दुसऱ्याच बातमीच्या. मला ती गावांची नावंसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा नीट कळली. ज्या पाण्यावर मी दोन मुलं वाढवली, त्या पाण्याखालच्या गावांची नावं!

आणि आमचं गाव कुठलं? उल्हासनगर! फाळणीनंतर सिंधमधून घरंदारं सोडून आलेल्या माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आम्ही मराठी माणसं त्यांच्यात नंतर मिसळलो. माझ्या शेजारच्या सिंधी आजी सिंधमधल्या आपल्या घराच्या अंगणाबद्दल, विहिरीबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलायच्या. आम्ही ऐकायचो, हळहळायचो. त्याच वेळी स्वयंपाकघरात जो नळ चालू असायचा त्याच्या पाण्याखालीही कुणाचं तरी अंगण होतं. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण सांगणारा कुणी नव्हता. सांगण्याचं काम ज्यांचं होतं ते आम्ही "डबे काढा" म्हणत होतो.

म्हणून माझं म्हणणं मांडते. पटलं नाही तर तसंही सांगा.

आपल्या गावालाही गाईडबरोबरची सायकल सफर हवी. परदेशी पाहुण्यांसाठी नव्हे, आपल्यासाठीच. बदलापूर स्टेशनपासून बारवी धरण दहा-बारा किलोमीटर. मला विचाराल तर थांबेही मी ठरवून ठेवलेत. पहिला थांबा उल्हास नदीच्या पुलावर. ही नदी खंडाळ्याच्या डोंगरांतून कुठून येते, कर्जतवरून कशी येते, २६ जुलै २००५ ला आणि २७ जुलै २०१९ ला तिने काय केलं ते तिथे सांगायचं. २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना होड्यांतून काढलं, ते तर आजची कॉलेजची मुलंही सांगतील. मग मुळगावच्या खंडोबाच्या पायथ्याशी पाणी प्यायला थांबायचं. तिथून पुढे रानातून जाणारा रस्ता. आणि शेवटचा थांबा धरणाच्या अलीकडे, जिथून जलाशय दिसतो. तिथे उभं राहून सांगायचं की हे पाणी नदीने जांभूळला जातं, तिथे उचलून शुद्ध होतं आणि तिथून नळांनी उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई, पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं. आणि मग गावांची नावं घ्यायची. एकेक करून.

सायकलच का, असं विचाराल. बसमधून मी सहली नेल्या, पंधरा-वीस तरी नेल्या. बसमध्ये पोरं गाणी म्हणतात आणि उतरतात ती थेट धरणावर, मधला रस्ता कुणी बघत नाही. सायकलवर चढ पायांना कळतो, पाणी आपल्यापेक्षा किती उंचावर अडवलंय ते पोटऱ्यांना कळतं. आणि हवं तिथे थांबता येतं. एका माणसाचं आठ-दहा जणांना ऐकू जातं. शिकवायला यापेक्षा चांगला वर्ग मला पगार देऊन मिळाला नव्हता.

आता आक्षेप. माझ्या जावयाचाच पहिला. "आई, त्या रस्त्यावरून गाड्या कशा जातात पाहिलंय ना?" पाहिलंय. पोराबाळांना त्या रस्त्यावर आज मीही पाठवणार नाही. म्हणून मोठ्यांनी, रविवारी पहाटे, हिवाळ्यात सुरुवात करायची. पावसाळ्यात तर नाहीच. तिथे दरवर्षी माणसं बुडतात, पाण्याजवळ जायला बंदीचे हुकूम निघतात, ते पाळायचेच. आणि रस्त्याचं म्हणाल तर डच आईबापांनाही तो लाल पट्टा आयता मिळाला नव्हता, हे मघाशी सांगितलंच.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आणि तो जास्त जड आहे. दुसऱ्याचं बुडालेलं गाव म्हणजे काय बघायची वस्तू आहे? ॲमस्टरडॅमलाही हे भोगावं लागलंच. तिथल्या काचेच्या खिडक्यांमागे उभ्या राहणाऱ्या बायकांसमोर गाईडांनी टोळ्या नेऊन उभ्या करायच्या, हे २०२० मध्ये शहराने बंद केलं. लोकांचं दुःख दाखवून पैसे करणं वाईटच.

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, बारवीच्या काठी मिळालं. २०२० च्या जानेवारीत १९८४ च्या त्या मुलाचा पत्ता लागला. व्हॉट्सॲपवर जुन्या वर्गाचा ग्रुप आहे, त्यातून. आता पन्नाशीला आलेला, अंबरनाथला कारखान्यात नोकरी. मी त्याला आठवण दिली तर म्हणाला, "बाई, मी असं म्हणालो होतो?" त्याला आठवतच नव्हतं! मग आम्ही दोघं रिक्षाने धरणाकडे गेलो. आज्याचं शेत कुठे होतं हे त्याला दाखवता येईना. वडील गेले, सांगणारं कुणी उरलं नाही. "माझ्या पोरांना तर हे काहीच माहीत नाही बाई," असं म्हणून तो गप्प झाला.

जवळ एका चहाच्या टपरीवर एक म्हातारेबुवा बसले होते. अलीकडे उठलेल्या गावांपैकीच एका गावातले. आम्ही विचारलं, आणि ते उठून उभेच राहिले. काठीने दाखवू लागले. तो टेकाड दिसतो ना, त्याच्या अलीकडं आंब्याची झाडं होती. इथून वाट जायची. तिथं देऊळ. बायका पाण्याला ह्या बाजूनं यायच्या. अर्धा तास ते बोलत होते. समोर नुसतं निळं पाणी, पण मला त्यात वाट दिसायला लागली. मी इतकी वर्षं शिकवलं, मला असं एकदाही शिकवता आलं नाही. निघताना भीत भीत विचारलं, "बाबा, लोकांना इथे आणून हे सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल का?"

ते म्हणाले, "वाईट कशाचं? लोकं तर येतातच. बाटल्या फोडतात, जातात. इचारत कोणी नाय."

तर उत्तर हे आहे. सांगणारा त्यांच्यातला हवा आणि पैसे त्याच्या हातात जायला हवेत. बारवीच्या प्रकल्पग्रस्तांच्या घरांतल्या एकेकाला पाणी घेणाऱ्या पालिकांत नोकरी द्यायची असा निर्णय झाला, काहींना त्या मिळाल्या, ते योग्यच झालं. पण नोकरीने पोट भरतं, गावाचं नाव टिकत नाही. त्याच घरांतल्या दोन-चार मुलांनी म्हाताऱ्यांना विचारून ठेवावं आणि रविवारी सायकल घेऊन पुढे व्हावं. मागे आपण. फी आपण द्यावी. ॲमस्टरडॅमला आपण युरोत देतो आणि एका शब्दाने घासाघीस करत नाही, हे लक्षात असू द्या.

त्या म्हाताऱ्या बाबांना पुन्हा भेटायचं ठरवलं होतं. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. नंतर गेले तेव्हा टपरी बंद होती. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा तीच चूक, बघा.

या दिवाळीत लेक, जावई, नात येणार आहेत. पुण्याची भाचरंही येतील. सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवते, मॉलमध्ये जायचं ठरवू नका. रविवारी पहाटे सहाला बदलापूर स्टेशनवर जमायचं. सायकली मिळतील तिथून आणा. माझे गुडघे आता ओमाफिट्सलाही ऐकत नाहीत, तेव्हा मी मागून रिक्षातून येईन. पण डबे मात्र गावांची नावं घेऊन झाल्यावरच काढायचे.